खोक्यांचं स्वयंपाकघर

शिवाजी पेठेतल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर विलासदादानं बांधलं, असं आमच्या नात्यागोत्यात आजही सांगतात. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास तो विषय काढतं, दादा मान खाली घालून हसतो, आणि माझा घास हातातच राहतो. वय झालं की माणूस मवाळ होतो म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही. मी शब्द दिला होता, आणि आई असेतोवर भावाबहिणीत तमाशा नको म्हणून तो पाळला. आता आई नाही. तेव्हा लिहायला हरकत नाही.

घर म्हणजे पुढं सोपा, म्हणजे ओसरी, त्याच्या आत एक खोली, त्या खोलीच्या कोपऱ्यात स्वयंपाक आणि मागं म्हशीचा गोठा. वडील, म्हणजे आण्णा, उद्यमनगरात लेथवर कामाला. आई गल्लीच्या टोकाच्या खानावळीला रोज ऐंशी भाकऱ्या द्यायची. माझं लहानपण त्या आवाजावरच गेलं. पहाटे तालमीतल्या पोरांच्या जोरबैठकांची मोजणी ऐकू यायची, मग नळाच्या रांगेतली भांडणं, आणि त्या सगळ्याच्या खाली आईच्या लाकडी काटवटीतला थप थप थप असा एकसारखा ताल. शाळेतून येताना वळणावरच भाजक्या जोंधळ्याचा वास यायचा. तव्यावरून जाळावर टाकलेली भाकरी टम्म फुगली की तिचा पापुद्रा सोडवायचा, आत लोणी आणि वर लसणाची चटणी. आईचा एकच कडक नियम होता. ती कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली की आत कुणी यायचं नाही. "माझं झाल्याबिगर कोण मदी आला तर बघा," असं ती ओरडायची. आम्ही समजायचो, बाई तापट आहे. माझा तापटपणाही तिच्यावरच गेलाय, असं आण्णा म्हणायचे.

आणखी एक गोष्ट घरात प्रसिद्ध होती. आण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, कुरुंदवाडहून राहायला आली की आईच्या भाकऱ्या जाड व्हायच्या, कडेला फाटायच्या. आत्या पाट टाकून शेजारीच बसायची ना! आम्ही पोरं खिदळायचो, की आत्यानं लवकर परत जावं म्हणून आई मुद्दाम बिघडवते.

मग आईचे गुडघे गेले. मांडी घालून बसायचं बंद, डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. खानावळवाले मामा भले होते, पण धंदेवाईक होते. "वैनी, महिनाभर बघतो. न्हाईच जमलं तर मला दुसरीकडं सांगाय लागंल." त्या दिवशी आईनं गुडघ्याला तेल चोळता चोळता मला म्हटलं, "मंगे, भाकरी थापायची थांबलो तर ह्या घरात मी कशाला हाय?" आमच्याकडं बायका 'मी आलो, मी थांबलो' असंच बोलतात, परगावच्या माणसाला ते ऐकून हसू येतं. मला तेव्हा हसू आलं नाही.

म्हणून ठरलं, की उभ्यानं स्वयंपाक करायचा. त्या वर्षी शेवटची म्हैस विकली होती, गोठा रिकामा होता, बारा फूट बाय दहा फूट. तिथं ओटा बांधायचा. साठवलेले पैसे मोडून एक फ्रिज घ्यायचा आणि एक घरघंटी, म्हणजे गिरणीची खेपही वाचेल. घरात सण असल्यासारखं झालं. रात्रीच्या जेवणात दुसरा विषय नाही. फ्रिज सोप्यात ठेवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसला पाहिजे, असं आण्णांचं मत. मी म्हटलं, "मग आईनं कोथिंबिरीच्या काडीसाठी सोप्यापतूर चालत जायचं व्हय?" आण्णा म्हणाले, "मग त्यो आणला हे लोकांना कळायचं कसं?" हा वाद दोन दिवस चालला.

नकाशा दादानं काढला. दादा सिव्हिल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला होता. इथं एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती माझ्या पोटात आजही खुपते. गणितात मला दादापेक्षा जास्त मार्क होते. डिप्लोम्याला घालायला पैसा एकाचाच होता. कुणी विचार करायला बसलंसुद्धा नाही, दादाचा फॉर्म भरला. मी बारावीनंतर मिक्सर-फ्रिजच्या दुकानात लागले, गिऱ्हाइकांपुढं चटणी वाटून दाखवायची. तर दादानं ट्रेसिंग पेपरवर निळ्या शाईनं झकास नकाशा काढला आणि जेवणाच्या वेळी पसरला. मी बघितला आणि माझं डोकं फिरलं.

"फ्रिजचं दार उघडलं की मागनं येणाऱ्याच्या नाकावर बसतंय. आन घरघंटी पाण्याच्या पिंपाला चिकटून? पिठाचा लगदा करायचा हाय काय?"

"तुला नकाशातलं काय कळतंय?" दादा म्हणाला.

"नकाशातलं न्हाई कळत. फ्रिजातलं कळतंय. नकाशात त्यो चौकोन असतोय. खरा फ्रिज पाठीमागनं तापतोय, त्याला चार बोटं हवा लागत्या, दाराला दोन फूट लागत्यात."

"बत्तीस इंच ओटा, इंग्रजी यल आकार. फ्लॅटात आता हेच चालतंय."

"आई फ्लॅट हाय काय?"

आण्णांनी ताटावरून हात उचलला. "सोमवारी गवंडी येणार. तवर तुमचं दोघांचं काय ते ठरवा. दोन ओटं बांधायची माझी ऐपत न्हाई."

मला नकाशा काढता येत नव्हता. पण आमच्या दुकानाच्या शेठजींच्या माडीवर रिकामी खोकी पडलेली असायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्यापुढं उभी राहिले. ती खोकी ते रद्दीवाल्याला द्यायचे.

"एक फ्रिजचं, एक घरघंटीचं आणि टीव्हीची आठ. सोमवारी परत आणून देतो."

"फाटली तर?"

"फाटलेलं बी रद्दीवाला घेतोच की. आन फ्रिज कुठनं घेणार हाय मी? तुमच्याकडनं घ्यावा असं वाटतंय. पण बाजारात दुसरी दुकानं बी हायत."

शेठजी हसले. "सहा घे."

"आठ. न्हाईतर आजपासून चटणी तुम्हीच वाटा."

आठ मिळाली. हातगाडीवर रचून, दोरीनं बांधून मी पेठेतून निघाले, तर प्रत्येक कट्ट्यावरून आवाज. "काय मंगल, फ्रिज, टीव्ही... पावणं हुंड्यात लईच मागाय लागल्यात वाटतं?" मी म्हटलं, "पावणं कसलं, समदी पोकळ हायत. तुमच्यासारखी." एकाच्या तोंडातला चहा उडाला. ती हातगाडी ओढताना मला जे वाटलं ते पुढं स्वतःचं दुकान उघडतानाही वाटलं नाही. उन्हानं डोकं तापलेलं, घाम डोळ्यांत उतरतोय, आणि मी जणू अख्खं घर ओढत नेत होते.

गोठ्यात मी खोक्यांचं स्वयंपाकघर मांडलं. टीव्हीच्या खोक्यांत विटा भरल्या, वर विटांचे थर रचून फळ्या टाकल्या, की झाला ओटा. फ्रिजच्या खोक्याला तीन बाजूंनी कापून दार केलं. मोरी म्हशीच्या वेळेची होती, फरशीचा उतार तिकडंच, म्हणून भांडी घासायची जागा तिथंच राहिली. घरघंटी बाहेरच्या भिंतीला, म्हणजे शेजाऱ्यांना घरघर नको. दोन तासांत ही बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या हौसाकाकी आल्या त्या थेट फ्रिजकडं गेल्या, पुठ्ठ्याचं दार उघडलं आणि आत डोकं घालून म्हणाल्या, "अगंऽ गार लागतंय की!" मग काय, रांगच लागली. कुणी खोट्या शेगडीवर चहा ठेवला, कुणी खोट्या ओट्यावर कोपर टेकून खऱ्या चहाड्या सुरू केल्या. मोठ्या बायका भातुकलीत इतक्या रमतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आधी दादाच्या नकाशाप्रमाणं मांडलं. अन्याय नको. तीन बायका आत सोडल्या आणि सांगितलं, चाळीस पावण्यांचं जेवण करा. एकीनं फ्रिज उघडला, दुसरी दारातून घागर घेऊन येत होती, ती फ्रिजच्या दारावर आदळली, आणि हौसाकाकी मधे अडकून ओरडल्या, "विलास, मला भाईर काढ रं!" दादा लालबुंद झाला. मग माझी मांडणी. डावीकडं पिठाचा डबा, मधे काटवट, उजवीकडं शेगडी, शेगडीपासून लांबच्या टोकाला फ्रिज. कुणी कुणाला धडकलं नाही. बत्तीस इंचांवर आईचे खांदे कानाला लागत होते. मी एकेक वीट काढत गेले आणि सत्तावीसवर तिचे हात मोकळे झाले. मी दादाकडं असं बघितलं, की त्यानं खिशातला पेन उगाच बाहेर काढून परत ठेवला.

पण आईला जमेना. तिचा काहीतरी घोळ होत होता. पिठाला हात घालायची तो शेगडीकडं, भाकरी उचलायची ती उलट्या अंगाला, मग वळायची, मग कमरेनं फळी हलायची. दहा वेळा सांगितलं. अकराव्या वेळी मी ओरडले, "आई, शेगडी उजव्या अंगाला हाय! उजव्या! जेवायच्या हाताला! तुला हात कळत न्हाईत काय?"

गल्लीतल्या बायका आईकडं बघायला लागल्या. आईनं हात पुसले. "तुमचं दोघांचं बी चांगलं हाय," ती म्हणाली. "मलाच जमत न्हाई. खानावळवाल्यांना सांगून या, दुसरी बघा म्हणावं." आणि लंगडत आत गेली. मी फ्रिजला लाथ घातली. पुठ्ठ्याला भोक पडलं आणि माझा पाय त्यात अडकला. दादा हसला. त्या हसण्याची मी अजून परतफेड केलेली नाही.

तो शनिवार. रविवारी दुपारी पेठेतलं फुटबॉल मंडळ मॅच खेळत होतं, आण्णा आणि दादा मैदानावर, गल्ली ओस पडलेली. सगळं मोडून खोकी परत करावीत म्हणून मी गोठ्याकडं गेले. आतून आवाज आला. थप थप थप.

दारातून बघितलं तर आईनं सगळी मांडणी फिरवली होती. एवढ्या दुखऱ्या गुडघ्यांनी रिकामी खोकी ढकलली होती. शेगडी डावीकडं, पिठाचा डबा उजवीकडं. आणि ती उभी राहून रिकाम्या फळीवर, नसलेल्या पिठाची भाकरी थापत होती. डाव्या हातानं. तो हात असा फिरत होता, की मला एकदम वीस वर्षांचे आवाज ऐकू आले. ऐंशी भाकऱ्या, रोज, भिंतीकडं तोंड करून.

"आई," मी म्हटलं, "तू डावरी हाईस?"

ती दचकली. "दार लाव."

मी दार लावलं. ती खोक्याला टेकली. "लग्न होऊन आलो तवा सोळा वर्साचा होतो. पयल्या दिवशी तुझ्या आत्यानं बघितलं. म्हणाली, डाव्या हाताचा निवद देवाला चालतोय व्हय? ह्यो हात पदराच्या काठानं कंबरंला बांधला. म्हैनाभर. उजव्यानं थापाय शिकलो, पण ती भाकरी कुत्रं बी खाईना. मग ती कुरुंदवाडला गेली, आन मी भितीकडं तोंड केलं."

"आण्णांना ठाऊक हाय?"

"त्यास्नी काय ठाऊक असतंय?" आई म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता मला आत्याच्या मुक्कामातल्या त्या जाड भाकऱ्या आठवल्या आणि हसू थांबलं. मी जिच्या हातचं वीस वर्षं खाल्लं, तो हात कोणता, हे मला माहीत नव्हतं. आज माझं किचन ट्रॉलीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नवराबायको रंग ठरवून येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात. मी आधी विचारते, घरात रांधतं कोण? त्याला आणा. मग त्या माणसाला कांदा चिरायला देते आणि हात बघते. लोकांना वाटतं, बाई चक्रम आहे.

"उद्या गवंडी येणार," मी म्हटलं. "मी ओटा असाच बांधून घेतो. उलटा."

"आन का म्हणून विचारलं तर? मंगे, कारण सांगायचं न्हाई. माझी शपथ."

तर अशी पाळी आली. माझं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि ते सिद्ध करायचं एकमेव कारण मला उच्चारायला बंदी. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, इतक्या रिकाम्या हातानं एकही केला नाही. संध्याकाळी दादा मंडळानं मॅच जिंकल्याच्या खुशीत होता. मी त्याचा ट्रेसिंग पेपर घेतला आणि पालथा करून त्याच्यापुढं ठेवला. निळ्या रेघा मागूनही तितक्याच स्वच्छ दिसत होत्या.

"ह्यो नकाशा घे. असाच. पालथा."

"का?"

"कारण न्हाई. फ्रिज शेगडीपासनं लांब, घरघंटी भाईरच्या भितीला, मोरी हाय तिथंच, उंची सत्तावीस. बाकी समदं तुझं. गवंड्याला तूच सांग, आण्णांना तूच सांग. नकाशा विलासनं काढला, ओटा विलासनं बसवला. मी कुणापुढं तोंड उघडणार न्हाई."

दादानं माझ्याकडं संशयानं बघितलं. मी कधी काही फुकट सोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. "कधीच न्हाई?"

"शब्द."

त्यानं पेन काढला आणि पालथ्या बाजूवर स्वतःचं नाव घातलं. एवढंच झालं. मी सौद्यात हरले असं मी म्हणत नाही; मला जे पाहिजे होतं ते मिळालं. पण त्यानं एकदा तरी विचारायला हवं होतं, की मंगे, तुझं नाव नको?

ओटा आठ दिवसांत उभा राहिला. काळा कडप्पा, कडेला गोलाई, पुसला की आरसा. राहिला फ्रिज. उलट्या मांडणीत त्याचं दार चुकीच्या बाजूला उघडत होतं, आईला दाराला वळसा घालावा लागणार. शेठजी म्हणाले, "कंपनी असाच देते." मी त्यांना फ्रिजच्या डाव्या अंगाला नेलं आणि प्लॅस्टिकच्या दोन पांढऱ्या टोप्या नखानं उचकटून दाखवल्या. खाली भोकं होती. रोज फडकं मी मारत होते ना! "कंपनीनं भोकं पाडून दिल्यात. तुमचा मेकॅनिक पाना फिरवंल. फुकट. आन स्टॅबिलायझर बी फुकट."

"स्टॅबिलायझर का?"

"कंपनी असाच देत्या म्हणून तुम्ही मला फसवत होता, म्हणून."

आण्णांनी फ्रिज सोप्यातून नेताना हमालांना दहा मिनिटं तिथंच थांबवलं, शेजारपाजार बघून जाईपर्यंत. मग तो आत गेला, आपल्या कोपऱ्यात बसला, आणि दार उघडल्यावर आतला दिवा लागला तेव्हा हौसाकाकींनी हात जोडले.

पहिला स्वयंपाक ठरला, नव्या शेगडीवर दूध उतू घालवायला आत्या कुरुंदवाडहून आली. गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या, आत्या मधोमध पाटावर. आणि आई ओट्यापाशी उभी राहिली. एवढं सगळं मोजलं होतं, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आता कोपरा नव्हता. समोर मोठी खिडकी, वर ट्यूबलाइट, आणि कंबरेएवढ्या ओट्यावर आईचे दोन्ही हात सगळ्यांच्या डोळ्यांपुढं.

आईनं एकदा आत्याकडं बघितलं आणि उजव्या हातानं थापायला घेतलं. भाकरी जाड झाली, कडेनं चिरली, उलट्या ओट्यावर उलट्या हातानं ती तव्यापर्यंत जाईतो दुमडली. आत्या मोठ्यांदा म्हणाली, "एवढा वटा बांधला, फ्रिज आणला, आन भाकरी हीच व्हय?" कुणीतरी हसलं. खानावळवाले मामा दारात उभे होते, नमुना बघायला आलेले. त्यांनी ती दुमडलेली भाकरी बघितली आणि नजर खाली केली. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. शपथ होती म्हणून मी दात आवळले.

आईनं ती भाकरी तव्यावरून काढली आणि बाजूला ठेवली. हात धुतले. पिठाचा नवा गोळा घेतला, काटवटीत ठेवला, आणि डावा हात त्याच्यावर टाकला. थप थप थप. भाकरी चंद्रासारखी पसरत गेली, गोल, पातळ, कड अशी की सुरीनं कापावी. उचलली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, जाळावर धरली. टम्म.

"वैनी," आत्या म्हणाली, "डावा हात."

"व्हय वन्सं," आई मागं न वळता म्हणाली. "माझाच हाय."

आण्णांचं तोंड उघडंच राहिलं. दादानं ओट्याकडं बघितलं, शेगडीकडं, फ्रिजच्या दाराकडं, मग माझ्याकडं. त्याला त्या क्षणी सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगते. मामा चप्पल काढून आत आले, म्हणाले, "वैनी, उद्यापासनं शंभर घालता काय?" आणि आई म्हणाली, "आधी घरच्यांचं होऊ दे." दुसरी भाकरी फुगली, तिसरी फुगली. आत्यानं ताटातली मोडली, पापुद्रा उचलून बघितला, चटणीला लावून खाल्ली. खाऊन झाल्यावर तिनं ताट पुढं केलं.

"आणखी एक घाल."

"उठून घ्या वन्सं," आई म्हणाली. "माझं दोन्ही हात पिठात हाईत."

आत्यानं एकदा सगळ्यांकडं बघितलं. मग पाटावर हात टेकला, आणि उठून ओट्यापाशी गेली.